मदत हवी आहे: लोकअदालतीत कर्जाची तडजोड, पण पगार त्याच बँकेत

नागपूरला असतो. पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्ड एकाच बँकेचे, पाच महिने थकलेले. पगारही तिथेच जमा होतो. तीन हप्त्यांत तडजोड ठरतेय, सही सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात लोकअदालतीला. तोवर आलेला पगार बँक परस्पर कापेल का? जुना ईएमआय कसा थांबवायचा?

प्रतिसाद १
कापू शकते. तुमच्या खात्यातली शिल्लक तुमच्याच थकबाकीत वळती करायचं कलम लोनच्या करारात बहुतेक असतंच. कोर्टाची जप्ती त्यापेक्षा बरी म्हणायची. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात, म्हणजे ३१,००० पगारावर जास्तीत जास्त १०,००० जातात. पैसे खात्यात पडल्यावर बँक हा हिशेब करत बसत नाही.

जिचं काहीच देणं नाही अशा बँकेत बचत खातं उघडा. पगारपत्रक बनायच्या आधी एचआरला नवा खाते क्रमांक द्या. विम्याचा हप्ता, एसआयपी आधी तिकडे न्या, नाहीतर रिकाम्या खात्यावर ते बाउन्स होऊन दंड लागेल. गॅसची सबसिडी आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं तिथे जाते. त्याची संमती शाखेत वेगळी द्यावी लागते, केवायसीला आधार दिलं म्हणजे झालं असं नाही.

प्रतिसाद २
ईएमआयचं बघा भाऊ, लोक इथेच फसतात. लोन आणि खातं एकाच बँकेत असलं की वसुली बहुधा स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने होते, म्हणजे ठरल्या तारखेला हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली कायमची सूचना. नेटबँकिंगच्या मँडेट (आपोआप कपातीच्या परवानग्या) यादीत ती दिसेलच असं नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि तडजोडीसाठी ठेवलेल्या पैशातून जुना हप्ता जातो. ती बंद करा असा शाखेत लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या.

तडजोडीची रक्कम नव्या खात्यातून एनईएफटीने थेट लोन खात्यात भरा आणि यूटीआर (व्यवहार क्रमांक) जपून ठेवा. वसुलीवाल्याच्या हातात रोख नको. हप्ता चुकल्यास सवलत रद्द होते का, हे बँकेच्या तडजोडीच्या पत्रात वाचा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) नाही, 'सेटल्ड' (तडजोडीने मिटवलं) दिसेल.

धागाकर्ता
तडजोडीत कार्डही धरलंय असं बँकवाले म्हणतात, पण पत्रात फक्त लोनचा नंबर आहे.

प्रतिसाद २
मग सही नका करू. कार्डाचे शेवटचे चार अंक, दोन्हींची वेगवेगळी रक्कम आणि खात्यावर होल्ड (पैसे काढायला रोख) लावला असेल तर तो कधी उठणार, एवढं पत्रात आल्यावरच लोकअदालतीला जा.