जीसीत (गॅस वेगळे करून मोजणारं यंत्र) हायड्रोजनच्या पीकला (आलेखावरचा उंचवटा) मधोमध खड्डा पडतोय, टीसीडी (त्यातला डिटेक्टर) गेला का?

पाषाणचा_पीएचडीवाला:
नमस्कार मंडळी, मेसच्या उरलेल्या भातापासून हायड्रोजन काढतोय (हसू नका, बॅक्टेरियांना आवडतो). मॉलसिव्ह ५ए कॉलम (गॅस वेगळे करणारी नळी), टीसीडी, कॅरिअर (सँपल पुढे वाहून नेणारा गॅस) हीलियम. १ टक्का हायड्रोजनच्या स्टँडर्डला (प्रमाण आधीच माहीत असलेला गॅस) बारीकसा पीक, ५ ला पाचपट सोडा जेमतेम वाढतो, आणि ५० टक्केवाला मारला की पीकच्या डोक्यातच खड्डा, सॉफ्टवेअर दोन पीक धरतं. नायट्रोजन-ऑक्सिजन मात्र झकास. सेप्टम (सुई टोचायची रबरी चकती) बदलला, सिरिंज बदलली, सर म्हणतात फिलामेंट (टीसीडीतली तापणारी तार) गेलं, कोटेशन मागव. गुरुवारी लाइट गेली होती त्याने झालं असेल का?

भोसरीकर:
कोटेशन थांबव आधी. फिलामेंट गेलं असतं तर नायट्रोजन झकास कसा आला असता? गुन्हेगार हीलियम आहे. टीसीडी बघतो दोन गॅसच्या उष्णता वाहण्यातला फरक, हायड्रोजन साधारण ०.१८, हीलियम ०.१५, म्हणजे फरक जवळपास नाहीच. त्यात गंमत अशी की हीलियममध्ये थोडा हायड्रोजन मिसळला की हा आकडा वाढायच्या ऐवजी किंचित उतरतो, जास्त झाला की मग चढतो. पीकच्या कडेला हायड्रोजन पातळ, मध्ये दाट, आणि हीलियमवर आकडा उतरला की पीक वर जातो, म्हणून कडा वर आणि मध्ये खड्डा. कॅरिअर म्हणून आर्गॉन लाव, तो ०.०१८ च्या आसपास.

पण फिलामेंट आधी बंद कर, आर्गॉन नीट फिरू दे आणि करंट मॅन्युअलमध्ये आर्गॉनसाठी दिलाय तेवढाच ठेव. हीलियमचा करंट तसाच ठेवलास तर सरांचं कोटेशन खरंच लागेल.

चहा_बिनसाखरेचा:
नायट्रोजन लावूनही हायड्रोजन दिसतो, स्वस्तही पडतो, पण मग सँपलमधला नायट्रोजन दिसत नाही आणि बाटलीत हवा शिरली का तेच कळत नाही. आणि दादा, आर्गॉनमध्ये नायट्रोजन, ऑक्सिजन, मिथेन सगळेच उलटे येतात, घाबरू नकोस, पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) फिरव.

पाषाणचा_पीएचडीवाला:
लावला आर्गॉन!! १ टक्क्याचा पीक आता काय दिसतोय, आणि १, ५, ५० एका रेषेत. सरांना सांगितलं, ते म्हणाले मला हेच वाटत होतं 😐 एकच शंका, भाताच्या बाटलीत सीओटू भरपूर असणार, त्याचा पीक कुठेच नाही?

भोसरीकर:
येणारच नाही, मॉलसिव्ह त्याला धरून बसतो, ओलाव्यालाही. साचत गेलं की ऑक्सिजन-नायट्रोजन एकमेकांना चिकटायला लागतील, तेव्हा कॅरिअर चालू ठेवून कॉलम रात्रभर ३०० अंश सेल्सिअसला भाज, कॉलमची मर्यादा तेवढी बघून घे. सीओटू मोजायचाच असेल तर दुसरा कॉलम लागेल, आणि तोही हीलियमवर, कारण आर्गॉनमध्ये सीओटू टीसीडीला जवळपास दिसतच नाही.