दुर्बीण म्हणजे देव्हारा? पाटणादेवीच्या जाहिरातीवरून

तापीकाठ (अमळनेर)
चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळापाशी होणाऱ्या आकाशदर्शनाची जाहिरात सगळ्या ग्रुपवर फिरतेय. तिच्यात लिहिलंय, "शनीची कडी एकदा पाहिली की नास्तिक उरतच नाही. दुर्बीण म्हणजे देव्हाराच." हे वाचून गप्प बसवत नाही.

कडी कृपेने दिसत नाहीत, मेहनतीने दिसतात. सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), १२०० मिमी फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं अंतर), त्यात १० मिमीची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) म्हणजे १२०० भागिले १०, १२० पट. एवढ्यात शनी स्वच्छ दिसायला हवा. तरी पिठाच्या गोळ्यासारखा का दिसतो? आपल्याकडे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो आणि त्या हवेतून प्रतिमा उकळते. दुर्बीण गच्चीवर नको, मातीवर मांडा. आरसा पाऊण तास निवू द्या. मग एखादा ठळक तारा मधोमध घेऊन फोकस जरा बिघडवा. वर्तुळं एकात एक बसली तर आरसे जुळलेत. एका अंगाला सरकली असतील तर मुख्य आरशामागचे तीन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा, आणि दर वेळी तारा परत मधोमध आणा. यातलं काही न करता रांग लावायची, अंधुक ठिपका दाखवायचा आणि हात जोडायला सांगायचं, हा शनीचाही अपमान आहे आणि श्रद्धेचाही.

२०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली. त्याच्या आगेमागे कडी म्हणजे नुसती रेघ होती. त्या वर्षी पाहणाऱ्याला देव कमी भेटला म्हणायचं का?

गिरणा_खोरे (चाळीसगाव)
भाऊ, चिडलात जाहिरातीवर आणि राग काढलात श्रद्धेवर. पाटणादेवीचं नाव घेता तर बाराव्या शतकातल्या गणिती भास्कराचार्यांना अर्धंच घेऊ नका. त्यांच्या लीलावती या गणितग्रंथाची सुरुवात गणेशवंदनाने आहे. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, इथेच पाटणला मठ काढला. तसं सांगणारा शिलालेख देवीच्या देवळातला आहे, वेधशाळेतला नाही.

नस्तनपूरच्या शनीला तेल वाहणाऱ्यालाही अडाणी समजू नका. शनीची सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बारा राशींना वाटली की एका राशीला जवळजवळ अडीच, तीन राशींना साडेसात. साडेसाती हा शेकडो वर्षांच्या निरीक्षणातून आलेला आकडा आहे.

तापीकाठ
आकडा गतीचा आहे. साडेसातीतली पीडा कुठल्या निरीक्षणातून आली ते सांगा.

केळीबाग (रावेर)
शनीचं राहू द्या, आधी दर महिन्याच्या चंद्राचं बोला. मुंबईची वेळ छापलेलं कॅलेंडर बघून इथल्या बाया संकष्टीला ताटकळत बसतात. एका रेखांशाला चार मिनिटं. रावेर मुंबईच्या तीन अंशांहून जरा जास्त पूर्वेला, म्हणजे आपला चंद्र बारा मिनिटं आधी. जळगावला अकरा, धुळ्याला आठ, नंदुरबारला पाच. इतकी वर्षं हे कोणी सांगितलं नाही!

तापीकाठ
तेवढ्याने भागत नाही. अक्षांशही धरा. चंद्र आकाशात खूप उत्तरेला असेल तर रावेरला आणखी पाचेक मिनिटं आधी उगवतो. दक्षिणेला असेल तर तेवढाच उशीर, म्हणजे तुमची बारा मिनिटं सातवर येतात.

गिरणा_खोरे
आणि छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते. पाटणादेवीच्या दरीत पूर्वेला डोंगर आडवा येतो. डोंगराच्या प्रत्येक अंशाला साडेचार मिनिटांच्या आसपास वाढवा. मूठ वळून हात लांब केला की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, त्यावरून अंदाज घ्या.

केळीबाग
म्हणजे उपास सोडायला आता त्रिकोणमिती लागणार? मिनिटांवरून बायाबापड्यांच्या मनात शंका घालू नका. चंद्र दिसला की अर्घ्य द्यावं, संपलं.

तापीकाठ
शंका कोण घालतंय! मिनिटं तुम्हीच काढलीत. मी उलट म्हणतोय की चंद्र दिसला की अर्घ्य द्यावं हाच खरा वेध आहे. त्यातली गंमत बघा. वातावरण प्रकाश अर्धा अंश वाकवतं आणि चंद्राचं बिंबही अर्ध्या अंशाचंच. क्षितिजाला टेकलेला अख्खा चंद्र दिसतो तेव्हा तो खरं तर क्षितिजाखाली असतो. हे कळल्यावर अर्घ्य देणारीचे हात थांबतील असं मला वाटत नाही. पण जाहिरातवाले हे सांगत नाहीत, थेट नमस्कारावर येतात. माझं भांडण तेवढंच आहे.

गिरणा_खोरे
मग भास्कराचार्यांचं ग्रहणाचं प्रकरण बघा. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने होतं हे त्यांनी गणितासह मांडलं. पुराणातला राहूही टाकला नाही. शंभूच्या वराने तो त्या सावलीत शिरतो, असं म्हणून दोन्ही राखलं.

तापीकाठ
राखलं, मान्य. पण सावलीचं माप राहूसाठी बदललं नाही, राहूलाच सावलीत बसवलं. आणि त्यांच्याच ग्रंथातल्या यंत्रांच्या अध्यायात वेध घ्यायची एवढी यंत्रं सांगून सगळ्यांत श्रेष्ठ ठरवलं बुद्धीच्या यंत्राला. श्रद्धा या क्रमाने येत असेल तर माझी हरकत नाही.

गिरणा_खोरे
हरकत नाही म्हणालात, आज एवढं पुरे. जाहिरातीतलं वाक्य बदलायला मी आयोजकांना सांगतो. तुम्ही आरसे जुळवायला या.

केळीबाग
संकष्टीलाच ठेवा की, सगळे जागेच असतात.

तापीकाठ
चालेल, पण चंद्रोदयाला लगेच दुर्बीण लावू नका, क्षितिजाजवळ सगळं थरथरतं. दोन तासांनी तो पंचवीस अंश वर येतो, तेव्हा २५ मिमीची आयपीस लावा. ४८ पटीत पूर्ण बिंब मावतं. कृष्ण चतुर्थीला अंधाराची रेघ (चंद्रावरची उजेड-अंधाराची सीमा) मारे क्रिसियम हे काळपट मैदान गिळून शेजारच्या मारे फेकुंडिटाटिस या मैदानात आलेली असते. तिथे १० मिमी लावून रेघेवरची विवरं बघा, काठ उजळलेले आणि पोटात काळोख. माणशी दोन मिनिटं तरी द्या, पहिलं अर्धं मिनिट डोळा आयपीसवर आणण्यातच जातं. आणि देवळासमोरचा एलईडी फ्लडलाइट तेवढा वेळ बंद ठेवायला पुजारीबुवांना आधीच सांगून ठेवा.