मदत हवी आहे : पार्टीची सजावट आपोआप गायब होतेय!!

राजवाडा_कॉर्नर (इंदूर)
मैत्रिणीचा वाढदिवस 15 जानेवारीला आहे, ती व्हँकुव्हरला, मी इंदूरला, बाकीच्या दोघी पुण्यात, म्हणून ठरवलं की आतच भेटायचं आणि पार्टी करायची. काल बसून टेबल, फुगे, केक सगळं लावलं आणि चहा टाकून येते तो सगळं साफ! परत लावलं, परत तेच. केक विकतचा होता हो. कुणी चोरून राहिलंय का? 12 वाजता कापायचाय, पटकन सांगा.

ब्लॉकवाला
चोरी नाही, कुणीतरी खाल्ला. केकचे सातच तुकडे असतात. नवा बनवा ना, 3 बादल्या दूध, 2 साखर, 1 अंडं, 3 गहू. वर मेणबत्ती पण लावता येते आता. सर्व्हायव्हल मोड आहे की क्रिएटिव्ह?

राजवाडा_कॉर्नर
मी माइनक्राफ्ट गेम कधी म्हटलं? आणि टेबल कोण खाईल?

सयाजीगंज_काका
ताई, आत म्हणजे कशाच्या आत ते लिहिलंच नाहीत तुम्ही. बाय द वे आम्ही बडोद्याहून नातवाचं औक्षण व्हिडिओ कॉलवर करतो, ताम्हन मोबाईलसमोर ओवाळायचं, झालं. काही गायब होत नाही.

राजवाडा_कॉर्नर
काका, सेकंड लाइफ, ते ऑनलाइन आभासी जग. मला वाटलं कळेल.

ब्लॉकवाला
ते 2003 चं? अजून चालू आहे??

जुना_रहिवासी
चालू आहे आणि तुमच्या ठोकळ्यांपेक्षा बरं दिसतं. ताई, जागा कुणाची आहे? तुमची स्वतःची की सँडबॉक्स, म्हणजे कुणीही सामान मांडून बघायची जागा?

राजवाडा_कॉर्नर
एका ओळखीच्यांची. वापरा म्हणाले.

जुना_रहिवासी
मग हेच. मालकाने ऑटो रिटर्न लावलंय. परक्या माणसाची वस्तू ठरलेली मिनिटं झाली की जागा ती परत पाठवते, नाहीतर येणारा जाणारा कचरा टाकून जाईल. केक गेलेला नाही, इन्व्हेंटरीत, म्हणजे तुमच्या सामानाच्या यादीत, लॉस्ट अँड फाउंड फोल्डर बघा.

राजवाडा_कॉर्नर
आहे!!! टेबल पण आहे, फुगे पण. देवा. पण परत लावलं तर परत जाईल ना?

जुना_रहिवासी
जाईल. एकतर मालकाला सांगा की अबाउट लँडमध्ये ऑब्जेक्ट्सला जाऊन ऑटो रिटर्न 0 करा. नाहीतर जागा एखाद्या ग्रुपच्या नावे लावली असेल तर त्यांना त्या ग्रुपमध्ये घ्यायला सांगा, ग्रुप अॅक्टिव्हेट करा आणि मगच सामान मांडा. त्या ग्रुपचं सामान परत जात नाही. ग्रुप अॅक्टिव्हेट करायच्या आधी मांडलेलं असेल तर एडिटमध्ये जाऊन एकेका वस्तूचा ग्रुप बदलावा लागेल.

ब्लॉकवाला
म्हणजे पैसे देऊन केक घ्यायचा, तो खाता येणार नाही आणि ठेवायला पण परवानगी. वा भिया.

जुना_रहिवासी
तुमचा खाऊन तरी कुठे पोट भरतं.

लष्करची_मुलगी
भांडा नंतर. 12 कुठले ते कुणी विचारलं का? आपले रात्रीचे 12 म्हणजे व्हँकुव्हरला आदल्या दिवसाचे सकाळचे साडेदहा, ती ऑफिसात असेल बिचारी. तिच्या 12 ला करायचं तर आपले 15 तारखेचे दुपारचे दीड. सेकंड लाइफमधलं घड्याळ पण पॅसिफिक टाइमच दाखवतं, म्हणजे तिचाच, त्यावर जा.

राजवाडा_कॉर्नर
अरे बापरे, पुण्याच्या दोघींना मी रात्री जागायला सांगून ठेवलंय. दुपारी एकीची मीटिंग असते.

छप्पन_प्रेमी
जानेवारीत इंदूरला राहून खोटा केक! सराफ्याच्या खाऊगल्लीत जा, गरम गराडू (तळलेला कंद) खा, फोटो पाठव मैत्रिणीला. जळेल ती.

राजवाडा_कॉर्नर
ती इथलीच आहे भाऊ, फोटो पाठवला तर शिव्या देईल.

राजवाडा_कॉर्नर
अपडेट : मालकांनी ग्रुपमध्ये घेतलं. केक तासभर झाला जागेवर आहे. फुगे मात्र गेले.

जुना_रहिवासी
फुगे ग्रुप अॅक्टिव्हेट करायच्या आधी मांडले होते का?

राजवाडा_कॉर्नर
हो, लावलेलेच होते ते. आता लॉस्ट अँड फाउंडमधून काढते.

सयाजीगंज_काका
जुना_रहिवासी, तिथे जागेचा भाव काय चालू आहे? आमच्याकडे एक जण विचारत होता.