जुनी काच वाकडी का फुटते?

जुनी काच कापताना हमखास वाकडी फुटते, तेव्हा फोटोच्या फ्रेमसाठी खिडकीची जुनी काच कापण्यापेक्षा नवीच आणावी, असं काहीजण सांगतात. मला अर्धंच पटलं. गुन्हा वयाचा नाही, ओरखड्यांचा. वर्षानुवर्षं पुसून पुसून पडलेल्या बारीक चरांमुळे चीर रेघ सोडून भलतीकडेच पळते. म्हणून काच आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा आणि कमी खरवडलेली बाजू वर घ्या. कटरच्या चाकाला थेंबभर रॉकेल लावा आणि एकसारख्या दाबानं एकच रेघ ओढा. बारीक, सलग 'कर्र' ऐकू आलं की जमलं. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवायचा मोह आवरा. चाकही जातं, काचही. मग लगेच मोडा, नंतर बघू म्हणू नका. (चष्मा आणि हातमोजे हवेतच.)

मात्र टफन्ड (तापवून कडक केलेली) काच असेल तर नादाला लागू नका, क्षणात दाणे दाणे होतात. कोपऱ्यात बहुधा बारीकसा शिक्का असतो, तो शोधा.

जाडीचाही विचार करा. फ्रेमची काच साधारण २ मिमी, खिडकीची बरेचदा ४. म्हणजे वजन सरळ दुप्पट, चौरस मीटरला १० किलो. फ्रेमची खाच तेवढी खोल हवी, टांगायचा हूकही दणकट हवा. फोटो काचेला टेकवू नका, दमट हवेत चिकटून बसतो. मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घाला.

फार जुन्या काचेत हलक्या लाटा दिसतात. पेन्सिलच्या रेखाटनावर मला त्या आवडतात, फोटोवर अजिबात नाही.