हार्लेमची ‘दे आद्रियान’ पवनचक्की आणि आपला खारेपाट

प्रश्न : वेंगुर्लेकर

आमच्या गावात डच वखारीचे पडके अवशेष आहेत. १६३७ मध्ये डचांनी येथे बस्तान बसवले. अलीकडे मुलीकडे नेदरलँड्सला गेलो असता हार्लेम शहरात, स्पार्ने नदीकाठची ‘दे आद्रियान’ ही पवनचक्की आतून पाहिली. मात्र पात्यांची गती जात्यापर्यंत कशी पोहोचते आणि वारा फिरला तर काय करतात, हे नीट उमगले नाही. दुसरी शंका अशी की, वाऱ्याला आपल्याकडे तोटा नसताना कोकणच्या खाजणांत, म्हणजे खारेपाटातल्या खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींत, अशा चक्क्यांची गरज का भासली नसावी? जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : अष्टागरी

मूळ चक्की १७७९ सालची. जुन्या बुरुजाच्या पायावर ती उभी राहिली. आधी तिच्यात कातडी कमावण्यासाठी लागणारी ओकची साल दळली जाई, १८०२ नंतर एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने तिच्यावर तपकीर दळली आणि पुढे ती धान्याकडे वळली. २३ एप्रिल १९३२ रोजी ती जळाली. नव्याने उभारलेली चक्की बरोबर सत्तर वर्षांनी, २३ एप्रिल २००२ रोजी खुली झाली. तिला नुसती प्रतिकृती म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती आजही वाऱ्यावर फिरते.

पात्यांच्या आडव्या आसावर मोठे दातेरी चाक असते. त्याचे दात एका लहान चाकात अडकून मधला उभा खांब फिरवतात, आणि चाक लहान असल्यामुळे तो खांब पात्यांपेक्षा जलद फिरतो. त्याच्याच जोरावर जाते फिरते. आपल्या वाडीतल्या बैलरहाटात आडव्या चाकाची गती उभ्या चाकाला मिळते, येथे तोच प्रकार उलटा आहे. लाकडी दातांना मधमाशीचे मेण लावतात आणि त्यांची संख्या अशी ठेवतात की तेच दोन दात वारंवार एकमेकांना भिडू नयेत, म्हणजे झीज सर्वत्र सारखी होते. वारा फिरला की बुरूज जागीच राहतो. मागच्या लांब दांड्याला जोडलेले चाक सज्जावरून फिरवून फक्त वरची टोपी (पाती बसवलेले छप्पर) वाऱ्याकडे वळवतात.

उत्तर २ : खारेपाटवाला

दुसऱ्या शंकेचे उत्तर वाऱ्यापेक्षा जमिनीत आहे. डच शेतकरीसुद्धा आरंभी आपल्या उघाडीसारख्याच (बांधातल्या झडपेच्या दारासारख्याच) दारांतून ओहोटीला पाणी सोडत असत. पण त्यांची जमीन बव्हंशी दलदलीत कुजलेल्या वनस्पतींची. ती सुकली की आकसते आणि खचते. शतकानुशतके खचत गेल्यावर ती बाहेरच्या पाण्याहून खाली गेली, दारे निरुपयोगी झाली आणि पाणी उचलून टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. नेदरलँड्समधल्या किंडरडाइक गावच्या १९ चक्क्या (बहुतेक १७३८ ते १७४० मधील) त्याच कामाच्या.

आपल्याकडे खाडीचा गाळ तितका खचत नाही आणि रायगडाच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मोठा आहे. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. शिवाय पावसाळ्यात शेतातला खार धुऊन काढण्यासाठी पावसाचे पाणी काही काळ आत लागते. मग वर्षभर पंपासारखी चक्की चालवून करायचे काय? उघाडीची झडप नीट बसत नसेल तर मात्र सगळे बिघडते, आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी अर्ज करून थकलेली मंडळी येथे कमी नाहीत.

वेंगुर्लेकर

आभारी आहे. एवढी मोठी पाती वादळात थांबवतात कशी?

अष्टागरी

त्याच मोठ्या चाकाभोवती लाकडी ठोकळ्यांचा पट्टा असतो. तो आवळला की चाक थांबते. मात्र पात्यांवरचे वारा धरणारे कापड न उतरवता सोसाट्यात तो आवळला, तर घर्षणाने लाकूड पेट घेऊ शकते. म्हणून मुरलेला चक्कीवाला आभाळ भरून येताच आधी कापड गुंडाळतो.