प्रतिसाद: थॉर्नटनचा ट्रेड आणि ब्रुइन्सचा हिशेब

२००५ मध्ये जो थॉर्नटनला सॅन होजेच्या संघाला दिलं ही बॉस्टन ब्रुइन्स या एनएचएलमधल्या (उत्तर अमेरिकेची आइस हॉकी लीग) संघाची सर्वांत मोठी घोडचूक, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. बदल्यात आलेले स्टर्म, स्टुअर्ट आणि प्रिमो त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते, हे कबूल. त्याच हंगामात पठ्ठ्याने १२५ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) करून हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान, नेली. पण संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेत जागा झाली, आणि २००६ च्या उन्हाळ्यात बचावपटू झ्डेनो चारा आला. २०११ चा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलणारा कर्णधार तोच! थॉर्नटनला शेवटपर्यंत कप मिळाला नाही, बिचारा.

शिवाय ब्रुइन्सने दुसऱ्यांना गंडवलंय त्याचं काय? १९६७ मध्ये शिकागोकडून एस्पोझिटो, हॉज आणि स्टॅनफिल्ड असे तिघे उचलले. एस्पोझिटोने १९७०-७१ मध्ये ७६ गोल ठोकले. १९८६ मध्ये व्हँकुव्हरला पेडरसन देऊन कॅम नीली घेतला, वर नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली निवडही! त्यातून ग्लेन वेस्ली मिळाला. व्हँकुव्हरवाले अजून कपाळाला हात लावत असतील.

ब्रुइन्सच्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूबद्दल मात्र वाद कसला? बॉबी ऑर. बचावपटू असून दोनदा गुणतक्त्यात अव्वल, सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी सलग आठ वेळा. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर... जाऊ दे. दुसऱ्या क्रमांकासाठी बचावपटू रे बोर्क की एस्पोझिटो, यावर भांडायला मी तयार आहे. माझं मत बोर्कला.