५० मिमी लेन्स घेण्याआधी जुने फोटो चाळा

‘किट लेन्सनंतर (म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी झूमनंतर) डोळे झाकून ५० मिमी एफ/१.८ घ्या’ या सल्ल्याशी मी अर्धाच सहमत. ती जास्त प्रकाश आत घेते हा मुद्दा शंभर टक्के बरोबर (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ वर अडकते, त्या तुलनेत एफ/१.८ जवळजवळ साडेनऊ पट प्रकाश आत घेते. पण तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल (म्हणजे त्याचा सेन्सर ३५ मिमी फिल्मएवढ्या ‘फुल फ्रेम’पेक्षा लहान असेल) तर हीच ५० मिमी फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीसारखी (कॅननवर ८०) दिसते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. चेहऱ्यांसाठी झकास, घरातल्या घोळक्यासाठी मात्र मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते. माझी टेकली होती!

मग उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणून किट लेन्सने काढलेले वर्षभराचे फोटो संगणकावर फोकल लेंथनुसार (म्हणजे या मिमीच्या आकड्यानुसार; आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद) लावून पाहिले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये ही माहिती असतेच, वेगळं काही करावं लागत नाही. निम्म्याहून जास्त फोटो १८ ते २४ मिमीमधले निघाले. म्हणजे मला हवी होती रुंद लेन्स आणि मी घेऊन बसलो लांबची. आकडे पाहूनही खात्री नसेल तर झूमची रिंग ३५ वर चिकटपट्टीने बांधून आठवडाभर तेवढ्यावरच फोटो काढा, मग ५० वर. कुठे घुसमट होते ते लगेच कळतं.

आणि जुनी निकॉन एएफ-डी लेन्स (जिला फोकससाठी कॅमेऱ्यातली मोटर लागते) स्वस्तात मिळतेय म्हणून उचलणार असाल तर जरा थांबा. डी३५००, डी५६०० अशा निकॉन कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्स हातानेच फोकस करावी लागेल.